चौदा नंबरचे चार डाव

“दोनशे बारा ड्रायव्हर मी रोज आपापल्या गाडीवर बसवतो. तुमच्या तर चौदाच पोरी!”

पालकांच्या सभेत उभं राहून तक्तेसाहेबांनी हे वाक्य टाकलं आणि ऐटीत खाली बसले. खुर्ची मधल्या काळात कुणीतरी जरा मागे सरकवली होती. तोल सावरला म्हणून पडले नाहीत, एवढंच. पण खरं सांगायचं तर पडायला सुरुवात तिथूनच झाली!

तक्तेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत बावीस वर्षं ड्युट्यांचा तक्ता करता करता खरं नाव मागे पडलं आणि तक्ता पुढे निघून गेला. काल ज्याला पहाटेची गाडी, त्याला आज दुपारची. ज्याला खड्ड्यांचा रस्ता, त्याला दुसऱ्या दिवशी गुळगुळीत. कुणी खूश नसायचं, पण सगळे सारखेच नाराज असायचे. “सगळे सारखे नाराज असले, की समजावं तक्ता न्यायाचा झाला!” असं ते म्हणत.

तक्ता तपासायची त्यांची एक ठरलेली रीत होती. शेवटी सगळ्या गाड्यांवरून बोट फिरवायचं. प्रत्येक गाडीपुढे नाव आहे? आहे. मग तक्ता बरोबर! मागे एकदा एक ड्रायव्हर डबा मांडीवर घेऊन दिवसभर डेपोच्या बाकावर बसून राहिला होता. त्याला गाडीच लावलेली नव्हती. संध्याकाळी साहेबांना तो दिसला.

“अहो, मग बोलायचं नाही का?”

“साहेब, तुम्ही लावली नाही, म्हणजे काही कारण असेल.”

साहेबांना त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. तक्त्यावर केवढी ही श्रद्धा! आपली तपासायची रीत बदलावी, असं काही त्यांना वाटलं नाही.

तर सभा होती मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची. चौदा वर्षांखालच्या चौदा मुली. मैदानात उभ्या राहणार नऊ. उरलेल्या पाच जणींना प्रशिक्षक सर “आपली राखीव ताकद” म्हणत आणि बाकावर बसवून ठेवत. ही ताकद इतकी राखीव होती, की मोसम संपत आला तरी कुणी बाहेर काढली नव्हती.

त्यात सगळ्यात राखीव म्हणजे साहेबांची मुलगी. वय बारा, पाठीवर नंबर चौदा, पळण्याचा वेग बेताचा. संघातल्या मुलींनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं, आणि एवढं लांब नाव मैदानात ओरडता येत नाही म्हणून त्याचं गोगी केलं. सबंध मोसमात गोगी अडीच मिनिटं खेळली होती. तीही एकीच्या बुटाची नाडी तुटली म्हणून. एरवी तिचं काम एकच. संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती एक धिप्पाड मुलगी, तिला सगळे तोफ म्हणत. सरावात तोफेचे गोळे सुटायचे आणि गोगी ते लांबून वेचून आणून द्यायची.

एका संध्याकाळी बुटाला पॉलिश करता करता गोगी म्हणाली होती, “बाबा, शेवटच्या सामन्यातपण बसायचंच असेल ना, तर पुढच्या वर्षी माझं नाव नका घालू.”

रडली नाही, रुसली नाही. दुसरा बूट घेतला आणि त्याला पॉलिश लावायला लागली. रडली असती तर साहेबांना सोपं गेलं असतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात स्पर्धेच्या मंडळाचा नवा नियम आला. अंतिम सामन्यात प्रत्येक मुलीला निदान दोन डाव मैदानात उतरवायचंच. एक जरी राहिली, तरी सामना गेला! कोण कोणत्या डावात खेळणार याचा तक्ता आधी अंपायरकडे द्यायचा. त्यानंतर बदल फक्त दुखापत किंवा आजारपणासाठी.

सरांनी ते पत्रक सभेत दोन बोटांनी, मेलेल्या उंदरासारखं धरून दाखवलं. “हा वाटपाचा कार्यक्रम मला जमणार नाही. मी संघ जिंकवायला ठेवलाय, सगळ्यांना थोडं थोडं वाढायला नाही!”

त्यावर तक्तेसाहेब उठले, आणि वर सांगितलेलं वाक्य बोलले. पुढे हेही म्हणाले, “आणि तक्ता म्हणजे तक्ता! एकदा झाला, की मग माझ्या सख्ख्या भावासाठीही बदलणार नाही.”

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात सरांनी वाजवल्या. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

घरी येऊन साहेबांनी पेन्सिल टोकदार केली. सात डाव, प्रत्येक डावात नऊ जागा, म्हणजे त्रेसष्ट जागा. चौदा मुलींत वाटल्या, की सात जणींना पाच-पाच आणि सात जणींना चार-चार. आपल्या मुलीला पाच दिले तर लोक काय म्हणतील? म्हणून गोगीला चारच लिहिले. दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा. तासाभरात तक्ता तयार! साहेबांनी तो भिंतीला टेकवून लांबून पाहिला. चित्रकार आपलं चित्र पाहतो ना, तसा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेकरीवाले आले. त्यांची मुलगी पहिल्या बेसवर खेळायची.

“साहेब, तिसऱ्या डावात आमची बसलीये म्हणे?”

“बसलीये. मग चौथ्यात उठतेय.”

“नाही, ते बरोबरच आहे. पण तिची आजी येणारेय हो बघायला. म्हातारीला तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही. तिसऱ्या डावापर्यंत येईल, बघेल, जाईल. नात बाकावर दिसली तर जीव थोडा थोडा होईल तिचा.”

आता आजीपुढे कोण बोलणार? पण तिसऱ्या डावातून काढायचं कुणाला? शिक्षकांच्या मुलीला काढावं, तर शिक्षक अर्ज लिहितील. सुताराच्या मुलीला काढावं, तर सुतार स्वतः येईल. साहेबांचा हात खोडरबराकडे गेला. ‘आपलं घरचंच आहे. सांभाळून घेईल.’ गोगीचा तिसरा डाव पुसला गेला. राहिले तीन.

बेकरीवाल्यांची पाठ वळते न वळते, तोच जुळ्यांची आई दारात!

“भाऊ, तुम्ही थोरलीला पाच डाव दिलेत नि धाकटीला चार!”

“वाटपात तसंच येतं हो, वहिनी.”

“थोरली अकरा मिनिटांनी थोरली आहे, भाऊ! ती अकरा मिनिटं आमच्या घरी रोज निघतात. त्यात आता हा डाव. काल रात्रीपासून दोघी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलतायत.”

“मग थोरलीचा एक काढतो.”

“काढून बघा! मी तिला तुमच्याकडेच पाठवून देईन राहायला.”

गोगीचा पाचवा डाव गेला. राहिले दोन. नियमाला दोनच लागतात. साहेबांनी स्वतःला बजावलं, बस्स. आता साक्षात देव आला तरी नाही!

देव आला नाही, सर आले. चप्पल न काढताच आले.

“तोफेला सहाव्या डावात बसवलंत? शुद्धीवर आहात का? सहाव्या डावात त्यांच्या सगळ्या दांडग्या पोरी फटके मारायला येतात!”

“सर, तक्ता म्हणजे…”

“साहेब, हात जोडतो! बाकी कुठंही बसवा तिला. पहिल्या डावात बसवा, चौथ्यात झोपवा. सहावा-सातवा तेवढा सोडा.”

एवढा धट्टाकट्टा माणूस हात जोडून उभा, तेही चपलांसकट. तोफेचा चौथा डाव काढून सहावा द्यावा, असं साहेबांच्या मनात आलं खरं. पण मग चौथ्यात चेंडू कोण टाकणार, त्यासाठी आणखी चार जणींची हलवाहलव, आणि प्रत्येकीमागे एक आई! त्यापेक्षा गोगीचा सहावा दिला की झालं. चौथा मग गोगीला देता येईल. ‘नंतर बघू’ असं समासात लिहून ठेवलं. आता ‘नंतर बघू’ म्हणजे काय, हे डेपोत काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

राहिला एक. तो मागायला माणसाला उंबरठा ओलांडावा लागला नाही. ते माणूस स्वयंपाकघरातूनच आलं.

“अहो, ऐकलंत का? डॉक्टरीणबाई भेटल्या होत्या. त्यांच्या मुलीला एक डाव वाढवून द्या म्हणाल्या.”

“अगं, तक्ता झालाय.”

“माझ्या आईचा गुडघा त्या बघतायत. मी हो म्हणून आलेय.”

“पण काढू कुणाचा?”

“ते तुमचं तुम्ही बघा. चौदा पोरी आहेत, काढा कुणाचा तरी! मला काय त्यातलं कळतंय?”

साहेबांनी काढला कुणाचा तरी.

सामन्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, तक्ता पेनाने पक्का केला. डेपोतल्या रीतीप्रमाणे मुलींच्या नावाने नाही, डावांच्या क्रमाने. समासातलं ‘नंतर बघू’ पक्क्या प्रतीत उतरत नसतंच. मग तपासणी. साहेबांनी गोगीला समोर बसवलं.

“तू एकेक नाव वाच. मी जागा मोजतो.”

गोगीने वाचायला सुरुवात केली. पहिला डाव, नऊ नावं. दुसरा डाव, नऊ नावं. बोट ठेवून, स्पष्ट आवाजात, सातव्या डावातल्या नवव्या नावापर्यंत वाचलं. साहेब बोटांची पेरं मोजत होते.

“त्रेसष्ट! एकही जागा रिकामी नाही. जमलं!”

गोगी कागदाकडे बघत राहिली. “झालं, बाबा?”

“झालं की! पोरी, बावीस वर्षांत माझा तक्ता चुकलेला नाही.”

“बरं,” गोगी म्हणाली, कागदाची नीट घडी घातली आणि तोफेच्या घरी जाऊन येते म्हणून बाहेर पडली.

सामना सकाळी सुरू झाला. अंपायर होत्या जाड चष्म्याच्या एक बाई. त्यांनी तक्ता घेतला, छातीशी धरलेल्या पाटीला लावला आणि खेळ सुरू केला. आणि काय सांगावं, तक्ता घड्याळासारखा चालला! मुली आत-बाहेर अशा होत होत्या, की जणू फलाटावरून गाड्या सुटतायत. तिसऱ्या डावात आजी आली, नात दिसली, आजी गेली. जुळ्या एकमेकींशी थेट बोलल्या. पाच डाव संपले तेव्हा आपला संघ नऊ, समोरचा चार. साहेब बाकामागे हात बांधून उभे होते आणि कुणी अभिनंदन करायला आलंच तर सोय व्हावी म्हणून एक हात जरा सैल ठेवला होता.

आल्या अंपायरबाई.

“तुमची चौदा नंबरची अजून उतरली नाही. दोनच डाव राहिलेत.”

“हो हो, येतेय ना!” साहेबांनी खिशातली प्रत काढली. सहावा डाव पाहिला. सातवा पाहिला. मग पहिल्यापासून पाहिलं. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. पण एवढा? सगळ्या गावाला उजेड, आणि अंधार नेमका आपल्या लेकीच्या डोक्यावर!

“बाई, एक मिनिट,” म्हणून नियमबियम विसरून साहेब पालकांकडे धावले. “कुणीतरी दोन डाव सोडा हो! गोगी राहिली. ती नाही उतरली तर सामना जातो!”

“राहिली कशी?” सर गरजले. “चार डाव होते ना तिचे? गेले कुठे?”

साहेबांनी दुसऱ्या खिशातून पेन्सिलीचा कच्चा कागद काढला. कागद उन्हासमोर धरला. खोडलेल्या जागा पातळ झाल्या होत्या, त्यातून ऊन येत होतं. चार ठिकाणी पुसट ‘गोगी’, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ठळक दुसरं नाव.

बेकरीवाल्यांना एकदम बुटाची नाडी सैल वाटली. जुळ्यांची आई पिशवीत काहीतरी शोधू लागली. सरांनी शिट्टी फुंकायला तोंडात धरली नि फुंकलीच नाही. आणि साहेबांची बायको चौथ्या भोकाकडे बघत म्हणाली, “अहो… तो हिचा होता?”

“तूच म्हणालीस ना, काढा कुणाचा तरी.”

“मग कुणाचा तरी काढायचा होता!”

“बरं, मग आता कोण सोडतंय?” साहेबांनी विचारलं.

सगळे आभाळाकडे बघू लागले. शेवटी शिक्षक खाकरले. “वाईट वाटतं साहेब. पण तक्ता म्हणजे तक्ता, असं आपणच…”

तेवढ्यात बाकावरून आवाज आला, “आई गं!”

तोफ पोट धरून वाकली होती. खरं तर पोट म्हणून तिने धरलं होतं ते बरगड्यांच्या जरा वरचं. डोळे मिटलेले, पण एक किलकिला, अंपायरबाईंवर रोखलेला. नाटक इतकं वाईट होतं, की शाळेच्या संमेलनात तिला झाडाचंही काम मिळालं नसतं.

“पोटात दुखतंय?” बाईंनी विचारलं.

“खूप!”

“किती वेळ दुखेल?”

तोफेने गोगीकडे पाहिलं. गोगीने हळूच दोन बोटं दाखवली.

“दोन डाव,” तोफ म्हणाली.

सर बाकाकडे धावले. “अगं, तू नको! दुसऱ्या कुणालातरी दुखू दे!”

अंपायरबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पाटीवर लिहिलं : ‘आजारी. बदली, क्रमांक चौदा.’ गोगी ग्लव्ह घेऊन उठली. ग्लव्ह आधीपासून हातातच होता. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही!

जाता जाता साहेबांनी तिला अडवलं. “तुला कालच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही लावला नाही, म्हणजे काही कारण असेल.”

साहेबांच्या डोळ्यांपुढे डबा मांडीवर घेतलेला तो ड्रायव्हर आला आणि तिथेच बसून राहिला.

“मग हे पोटाचं?”

“तोफ म्हणाली, कारण असलं तरी असू दे. वर्षभर तिचे चेंडू मी आणलेत.”

पुढचं भराभर सांगतो, कारण झालंही भराभर. तोफेच्या जागी थोरली जुळी चेंडू टाकायला उभी राहिली. समोरच्या दांडग्या पोरींनी सहाव्या डावात चार धावा कुटल्या. नऊ-आठ! आपल्या मुली सातव्यात शून्यावर परतल्या. उरला त्यांचा शेवटचा अर्धा डाव. दोघी बाद, दोघी बेसवर, आणि समोर त्यांची सर्वांत दांडगी. मधल्या काळात बेकरीच्या टेम्पोमागे पोटदुखीचा इलाज चालू होता. तोफेचा तिसरा पाव संपत आला होता.

गोगी उजव्या कोपऱ्यात होती. तिथे चेंडू सहसा फिरकत नाही म्हणून कच्च्या मुलींना तिथेच ठेवतात. आणि ती आपली जागा सोडून हळूहळू मागे, हद्दीच्या रेषेकडे निघाली.

“गोगी! जागेवर!” सर ओरडले.

“गोगी, कुठे चाललीस?” आई ओरडली.

गोगी थांबली नाही. वर्षभर बाकावर बसून तिने दुसरं केलं काय होतं? कोण कुठे मारते, हेच बघितलं होतं. ती रेषेपासून चार पावलांवर जाऊन उभी राहिली आणि ग्लव्ह वर धरला.

फटका बसला. चेंडू उंच गेला, वळला आणि थेट गोगीकडे निघाला. तिला अर्धं पाऊलही हलावं लागलं नाही! सगळं मैदान उभं राहिलं. चेंडू ग्लव्हमध्ये पडला.

आणि ग्लव्हमधून बाहेर पडला.

दोन धावा. दहा-नऊ. सामना गेला, करंडक गेला, सर मटकन खाली बसले. समोरच्या मुली नाचू लागल्या. गोगी चेंडू उचलून, पार तिकडून, आपल्या वेगाने चालत आली आणि अंपायरबाईंच्या हातात देऊन बाबांपुढे उभी राहिली. गुडघ्यापर्यंत मातीने माखली होती. इतकी मळलेली साहेबांनी तिला मोसमात प्रथमच पाहिली.

“झेल सुटला,” ती म्हणाली.

“दिसलं.”

“पण मी बरोबर जागी होते ना?”

“अगदी बरोबर जागी होतीस.”

“मग पुढच्या वर्षी नाव घाला,” गोगी म्हणाली आणि तोफेकडे गेली, उरलेल्या पावात वाटा घ्यायला.

अंपायरबाई पाटी काखेत मारून टेम्पोपाशी क्षणभर थांबल्या. “बरं वाटतंय का आता?” त्यांनी तोफेला विचारलं. तोंड भरलेलं असल्याने तोफेने मान हलवली. “छान,” बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पालक साहेबांना काही बोलले असते, पण पेन्सिलीचा तो कागद अजून त्यांच्या हातात होता आणि ऊनही होतं.

दुसऱ्या दिवशी डेपोत जाताना तक्तेसाहेब बदललेला माणूस होते. त्या दिवसाचा तक्ता त्यांनी नव्या रीतीने केला होता. गाड्यांवरून नाही, माणसांवरून बोट फिरवून. दोनशे बारा नावं, प्रत्येक नावापुढे गाडी. आता या डेपोत कुणीही विनाकारण बाकावर बसणार नाही!

बाकावर एक माणूस बसला होता. मांडीवर डबा.

साहेब तसेच धावले. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. “माफ करा हो! माझीच चूक. तुमच्यासारखी माणसं बोलत नाहीत, आणि आम्हाला दिसत नाही. सांगा, कोणती गाडी देऊ तुम्हाला?”

माणूस दचकला. “मला कुठे येते चालवायला? मी प्रवासी! तासभर बसलोय. ती दहा नंबरची उभी आहे, तिला ड्रायव्हर आहे का कुणी?”

साहेब आत पळाले. नऊ नंबरच्या गाडीपुढे दोन नावं, दहा नंबरपुढे एकही नाही. बावीस वर्षांत हे घडलं नव्हतं! घाईघाईने त्यांनी घरून आणलेला पेन्सिलींचा पत्र्याचा डबा उघडला. खोडरबर नव्हतं. त्या जागी वहीच्या कागदाची चिठ्ठी होती, गोल गोल अक्षरातली :

‘खोडरबर माझ्याकडे आहे. ज्याचं नाव खोडायचंय, त्याला आधी विचारा. — नंबर चौदा.’

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली, खिशात ठेवली आणि बाहेर जाऊन नऊ नंबरच्या दोघा ड्रायव्हरांना अतिशय आदराने विचारलं.

दोघांनीही नाही म्हटलं. प्रवासी चालत गेला.